दुखण्यामागचे दुखणे

प्रस्तावना

घरात घडलेली गोष्ट उंबरठ्याबाहेर जाऊ नये, अशी शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीचा आधारही अशा वेळी हमखास घेतला जातो. परंतु झाकलेल्या मुठीत जखमच असेल, तर ती झाकून बरी होत नाही. आत चिघळत राहते. कौटुंबिक हिंसा ही अशीच झाकली जाणारी जखम आहे. ती सोसणारी स्त्री पोलिसांकडे क्वचितच जाते. पण डोके दुखते, झोप लागत नाही, हात मुरगळला, अशी काही ना काही तक्रार घेऊन ती दवाखान्यात मात्र येते. त्या वेळी तेथील डॉक्टर, परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती तिला कोणती मदत करू शकतात, याचा विचार प्रस्तुत वैचारिक लेखात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला —
• कौटुंबिक हिंसेचे निरनिराळे प्रकार सांगता येतील;
• अशा हिंसेच्या बाबतीत प्राथमिक आरोग्यसेवेचे महत्त्व स्पष्ट करता येईल;
• हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीशी कसे बोलावे व कसे बोलू नये, यांतील फरक सांगता येईल;
• कायद्याने आरोग्यसंस्थांवर सोपवलेली कर्तव्ये सांगता येतील;
• आज्ञार्थ व विध्यर्थ यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

१. मुकी वेदना

मराठीत 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' असा एक वाक्प्रचार आहे. मार तर खायचाच, पण ओरडण्याचीही सोय नाही, अशी दुहेरी कुचंबणा त्यातून व्यक्त होते. कौटुंबिक हिंसा सोसणाऱ्या स्त्रीची स्थिती नेमकी अशी असते. मारणारा परका नसतो. ज्याच्या आधाराने जगायचे तोच असतो. तक्रार केली तर घर मोडेल, मुलांचे हाल होतील, 'पदरी पडले पवित्र झाले' असे म्हणून माहेरची माणसे परत पाठवतील, ही भीती तिला गप्प बसवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. विवाहित असलेल्या किंवा पूर्वी विवाह झालेल्या, १८ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे या सर्वेक्षणात सांगितले. म्हणजे दर दहा स्त्रियांमागे जवळजवळ तीन स्त्रिया. याच सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि तीही बहुधा स्वतःच्या माहेरच्या माणसांकडे. बाकीच्या स्त्रियांचे दुःख घराच्या भिंतीआडच राहिले.

हिंसा म्हटले की डोळ्यांसमोर मारहाण येते. परंतु 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' या कायद्याने हिंसेचा अर्थ व्यापक केला. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेच आर्थिक अशा प्रकारच्या छळाचा समावेश आहे. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, चारचौघांत अपमान करणे, मजुरीचे पैसे काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, हीसुद्धा हिंसाच होय. कायद्याचे संरक्षण केवळ पत्नीला नाही. एकाच घरात राहणाऱ्या वा राहिलेल्या आई, बहीण, विधवा भावजय, तसेच विवाहासारख्या संबंधात राहणारी स्त्री यांनाही ते मिळते.

२. दवाखान्याचे दार

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणजे स्त्रीला शंभरदा विचार करावा लागतो. तेथे गेल्याची वार्ता घरी पोहोचली, तर मार वाढण्याचे भय असते. दवाखान्याचे तसे नाही. गरोदरपणातील तपासणी, बाळाचे लसीकरण, ताप, खोकला अशा निमित्ताने ती तेथे जातच असते. घरातील माणसेही तिला सहसा अडवत नाहीत. सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात सुमारे २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे आपल्या देशातील प्रमाण आहे. त्याच्या हाताखाली उपकेंद्रे असतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या योजनेमुळे खेड्यांतून आशा कार्यकर्ती घरोघरी पोहोचते. एवढे जवळचे आणि संशय न येणारे सरकारी दार हिंसा सोसणाऱ्या स्त्रीसाठी दुसरे क्वचितच असेल.

पण या दाराशी येऊनही ती खरे कारण सांगत नाही. 'पाय घसरला', 'दाराची चौकट लागली' असे काहीतरी सांगते. जाणकार आरोग्यसेवकाला मात्र काही खुणा बोलक्या वाटतात. सांगितलेले कारण आणि जखम यांचा मेळ बसत नाही. काही जखमा ताज्या, तर काही जुन्या असतात. इजा होऊन बरेच दिवस लोटल्यावर उपचार घेतला जातो. गरोदरपणाची नोंद उशिरा होते. डोकेदुखी, पोटदुखी, अंगदुखी औषधे घेऊनही जात नाही. झोप उडते, उदासी येते. कधी विष घेण्यापर्यंत मजल जाते. यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे हिंसा झालीच असे नाही. परंतु विचारण्याचे कारण निश्चितच निर्माण होते. न विचारता वेदनाशामक गोळ्या दिल्या, तर दुखणे तात्पुरते शमते. दुखण्यामागचे दुखणे तसेच राहते, आणि तीच स्त्री महिन्याभराने तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत उभी राहते.

विचारायचे कसे, हे पुढील काल्पनिक प्रसंगावरून लक्षात येईल. एका आरोग्य केंद्रात एक तरुणी सासूबरोबर आली आहे. तिच्या दंडावर बोटांचे वळ आहेत.

"नळावर पाय घसरला हिचा," सासू सांगते.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा. तपासताना पेशंटला एकटीलाच आत घेतो आम्ही," परिचारिका शांतपणे म्हणते आणि दार लोटून घेते. मग जखम पाहत विचारते, "ताई, पडल्यावर असे वळ उठत नाहीत. घरात कोणी मारतं का? तुमच्या परवानगीशिवाय मी कोणाला सांगणार नाही."

तरुणी बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, "सांगून काय होणार, सिस्टर? परत जायचं तर त्याच घरी आहे."

"जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण तुम्हाला मार बसतो यात तुमची काही चूक नाही. आधी जखम बघू, मग बोलू."

या संभाषणात परिचारिकेने कोणाला दोष दिला नाही, उपदेश केला नाही, की घाईही केली नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिने सासूला तपासणीचे कारण सांगून बाहेर बसवले. सोबत आलेल्या माणसासमोर हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर तर मिळाले नसतेच. उलट घरी गेल्यावर त्या स्त्रीला त्याची किंमत मोजावी लागली असती.

पाठगत प्रश्न – १

अ) योग्य पर्याय निवडा.
१. स्त्रीची मजुरी काढून घेणे ही ...... हिंसा होय. (शारीरिक / आर्थिक / लैंगिक)
२. २००५ चा अधिनियम ...... या वर्षी अमलात आला. (२००५ / २००६ / २०१३)
आ) परिचारिकेने सासूला बाहेर का बसवले? एका वाक्यात उत्तर लिहा.

३. मदतीच्या पाच पायऱ्या

हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला पहिला आधार कसा द्यावा, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आरोग्यसेवकांकरिता एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. त्यात सांगितलेल्या पाच गोष्टी समजण्यास सोप्या, पण आचरणास धीर मागणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट ऐकण्याची. स्त्री बोलू लागली की मध्ये तोडू नये, मोबाइल वा कागदपत्रे चाळू नयेत, नको असलेला तपशील खोदून काढू नये. दुसरी गोष्ट गरज विचारण्याची. तिला या क्षणी औषध हवे आहे, मुलांची काळजी आहे की रात्री कोठे राहायचे हा प्रश्न आहे, हे तिच्याकडूनच समजून घ्यावे. तिसरी गोष्ट विश्वास दाखवण्याची. 'तुमचे म्हणणे खरे वाटते', 'यात तुमचा दोष नाही' ही वाक्ये साधी आहेत; परंतु वर्षानुवर्षे 'तूच काहीतरी केले असशील' हेच ऐकलेल्या स्त्रीला ती औषधासारखी लागू पडतात.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. मार अलीकडे वाढला आहे का, गळा दाबला गेला होता का, घरात हत्यार आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर तिला तसेच घरी पाठवणे धोक्याचे ठरते. ती घरी जाणारच असेल, तर तयारी काय ठेवायची हे तिच्याबरोबर ठरवावे : आधार कार्ड, रेशनकार्ड, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासाच्या ठिकाणी ठेवणे, थोडे पैसे बाजूला काढणे, ओरडण्याचा आवाज आला तर धावून येईल अशी शेजारीण हेरून ठेवणे, मदतीचा क्रमांक पाठ करणे. माहितीपत्रक घरी सापडले तर आफत ओढवेल, असे तिला वाटत असेल, तर ते देऊ नये. पाचवी गोष्ट पुढच्या आधाराशी जोडून देण्याची. समुपदेशक, संरक्षण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरण, 'सखी' वन स्टॉप सेंटर यांपैकी तिला जे हवे असेल, त्याचा नुसता पत्ता न देता शक्य तर तेथे दूरध्वनी करून द्यावा.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नवऱ्याला बोलावून त्याची समजूत घालण्याचा मोह अनेकांना होतो. हेतू चांगला असला तरी त्याचा परिणाम घातक होऊ शकतो. कारण बायको बाहेर बोलली, हे त्यातून नवऱ्याला कळते. 'जमवून घ्या' किंवा 'आजच घर सोडा', हे दोन्ही सल्ले अयोग्यच. घर सोडण्याच्या काळात धोका पुष्कळदा वाढतो, म्हणून तो निर्णय तयारीनिशी आणि तिनेच घ्यायचा असतो.

४. कागदावरची साक्ष

जखम काही दिवसांत भरून येते. केसपेपरवरील नोंद मात्र टिकते. पुढे न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर ही नोंद मोलाचा पुरावा ठरते. म्हणून ती नेमकी असावी. 'घरगुती भांडण' असे मोघम लिहिण्याऐवजी 'पतीने काल रात्री काठीने मारल्याचे रुग्ण सांगते' असे तिच्याच शब्दांत लिहावे. जखमेची जागा, आकार, रंग आणि ती किती जुनी दिसते, हे नमूद करावे. हा कागद नातेवाइकांच्या हाती पडणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

२००५ च्या अधिनियमानुसार, हिंसा सोसलेल्या स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास वैद्यकीय मदत देणे हे आरोग्यसंस्थेच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. या कायद्याखालील २००६ चे नियम आणखी पुढे जातात. आधी तक्रार नोंदवली नाही, या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. कौटुंबिक घटना अहवाल तयार झालेला नसेल, तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवण्याची जबाबदारी आरोग्यसंस्थेवर आहे. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळते. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तिला संरक्षणाचा, राहत्या घरातच राहू देण्याचा, खर्चाच्या रकमेचा आणि मुलांच्या ताब्याचा आदेश मागता येतो. पती वा सासरच्या माणसांनी केलेली क्रूरता हा फौजदारी गुन्हाही आहे. भारतीय दंड संहितेत १९८३ साली घातलेल्या कलम ४९८-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ यांनी घेतली आहे.

गुप्ततेच्या वचनाला काही मर्यादा असतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गंभीर इजा, भाजणे, विषप्राशन अशा प्रकरणांत वैद्यकीय-कायदेशीर नोंद करावी लागते. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्यास २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशी नोंद का होत आहे, हे आधी समजावून दिले, तर रुग्णाचा विश्वास तुटत नाही.

५. बांद्र्याचा 'दिलासा'

हे सारे प्रत्यक्षात उतरू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील एका उपक्रमाने दिले. बृहन्मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून २००० साली बांद्रा येथील भाभा रुग्णालयात 'दिलासा' नावाचे केंद्र सुरू केले. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयातच समुपदेशन केंद्र चालवण्याचा हा आपल्या देशातील आरंभीचा प्रयत्न होय. ते रुग्णालयाबाहेर न काढता आत काढण्यात मोठे शहाणपण होते. दवाखान्यात आलेल्या स्त्रीला त्याच इमारतीत, कोणाच्या नजरेत न भरता, समुपदेशकाला भेटता येते.

या केंद्रासाठी डॉक्टर व परिचारिका यांना प्रशिक्षण देण्यात आले. बाह्यरुग्ण विभागात वा वॉर्डात शंका आली, की त्या स्त्रीला 'दिलासा'कडे पाठवू लागल्या. तेथे तिला मानसिक आधार, सुरक्षिततेचे नियोजन आणि कायद्याची माहिती मिळते. घरी परतणे धोक्याचे असेल, तर तिला देखरेखीखाली काही काळ रुग्णालयातच ठेवून घेण्याचा मार्गही अवलंबला जातो. पुढे मुंबईतील इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. केरळ राज्यात 'भूमिका' या नावाने सरकारी रुग्णालयांतून असेच काम चालते.

'दिलासा' या शब्दात फार मोठे आश्वासन नाही. सर्व संकटे दूर करू, असे तो म्हणत नाही. तू एकटी नाहीस, एवढेच म्हणतो.

६. अडचणी आणि जबाबदारी

या कामातील अडचणी खऱ्या आहेत. बाहेर रुग्णांची रांग असते, बोलायला वेगळी खोली नसते, प्रशिक्षण मिळालेले नसते. आशा कार्यकर्ती त्याच गावात राहते. मारणारा माणूस तिच्याही शेजारचा असू शकतो. म्हणून तिला एकटीला पुढे न करता आरोग्य केंद्राने तिच्या पाठीशी उभे राहावे लागते. शिवाय आरोग्यसेवक याच समाजात वाढलेले असतात. 'नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला पडा?' हा विचार त्यांच्याही मनात डोकावतो. परंतु हाड मोडले तर ते कोणी मोडले, यावर उपचार अवलंबून नसतात. त्याचप्रमाणे ते पुन्हा मोडू नये, ही काळजी उपचाराबाहेरची मानता येत नाही.

घरातील भांडणाचा निवाडा करणे हे दवाखान्याचे काम नव्हे. एकांतात विचारणे, ऐकणे, उपचार करणे, नेमकी नोंद ठेवणे आणि पुढचा मार्ग दाखवणे एवढेच त्याचे काम आहे. स्त्री त्या दिवशी काही बोलली नाही, तरी विचारणे वाया जात नाही. येथे आपले ऐकणारे कोणीतरी आहे, हे तिला समजते. आणि बोलण्याची तिची तयारी होईल, तेव्हा कोणत्या दाराशी यायचे, हे तिला ठाऊक असते.

पाठगत प्रश्न – २

अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. आधी तक्रार नोंदवल्याशिवाय आरोग्यसंस्थेकडून उपचार मिळत नाहीत.
२. तपासणी अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळते.
३. नवऱ्याला बोलावून समजावणे हा सर्वांत सुरक्षित उपाय होय.
आ) 'दिलासा' केंद्र कोणत्या साली व कोठे सुरू झाले?

शब्दार्थ व वाक्प्रचार

कुचंबणा – कोंडमारा
वळ – माराने अंगावर उठलेली खूण
मोघम – अस्पष्ट, नेमके नसलेले
स्त्रीधन – स्त्रीच्या मालकीचे दागिने, पैसा वा वस्तू
दंडाधिकारी – मॅजिस्ट्रेट
तोंड दाबून बुक्क्यांचा मार – तक्रारही करता येऊ नये अशा रीतीने छळ सोसणे
किंमत मोजणे – परिणाम भोगणे

भाषाभ्यास

'दार लोटा', 'बाहेर बसा' या वाक्यांत आज्ञा किंवा विनंती आहे. क्रियापदाच्या अशा रूपास आज्ञार्थ म्हणतात. 'मध्ये तोडू नये', 'तिच्याच शब्दांत लिहावे' या वाक्यांतून कर्तव्य वा योग्यता सुचवली जाते. या रूपास विध्यर्थ म्हणतात. मार्गदर्शनपर लेखनात विध्यर्थाचा वापर अधिक आढळतो.

'दुखणे' हा शब्दही पाहा. 'डोके दुखू लागले' येथे दुखणे ही क्रिया आहे, तर 'जुने दुखणे' येथे तोच शब्द नाम म्हणून येतो.

हे लक्षात ठेवा

महिला मदतवाहिनी – १८१
आपत्कालीन मदत – ११२
बालकांसाठी – १०९८
मानसिक आधारासाठी टेलि-मानस – १४४१६
स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य कायदेशीर मदत मिळते.

तुम्ही काय शिकलात?

• कौटुंबिक हिंसा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक अशा रूपांत घडते.
• हिंसा सोसणारी स्त्री अन्यत्र गेली नाही तरी दवाखान्यात येते; म्हणून तेथे तिला एकांतात विचारणे महत्त्वाचे आहे.
• ऐकणे, गरज विचारणे, विश्वास दाखवणे, सुरक्षितता पाहणे व आधाराशी जोडणे, या मदतीच्या पाच पायऱ्या आहेत.
• उपचार देणे, अहवाल भरणे व तपासणी अहवालाची प्रत देणे ही आरोग्यसंस्थेची कर्तव्ये आहेत.
• अंतिम निर्णय त्या स्त्रीचाच असतो.

स्वाध्याय

१. 'दवाखाना हे संशय न येणारे दार आहे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. केसपेपरवरील नोंद कशी असावी, हे उदाहरणासह लिहा.
३. 'जमवून घ्या' आणि 'आजच घर सोडा' हे दोन्ही सल्ले अयोग्य का ठरतात?
४. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीबद्दल तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
५. पुढील वाक्यांचे विध्यर्थात रूपांतर करा : (अ) शांतपणे ऐका. (आ) क्रमांक पाठ करा.
६. उपक्रम : तुमच्या परिसरातील आरोग्य केंद्र, संरक्षण अधिकारी व 'सखी' केंद्र कोठे आहे, याची माहिती मिळवून वहीत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. अ) १. आर्थिक  २. २००६
आ) सासूसमोर तरुणी खरे कारण सांगू शकली नसती आणि घरी गेल्यावर तिला त्रास झाला असता, म्हणून.
२. अ) १. चूक  २. बरोबर  ३. चूक
आ) २००० साली, बांद्रा येथील भाभा रुग्णालयात.